चाकावर उमटवलेले नाव : हार्वे फायरस्टोन



जुलै महिन्यात मैदानात पाणी साचले की आमचा खेळाचा तास बुडतो. तो वाया जाऊ नये म्हणून मी मुलांना एक काम देते. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकली, स्कूटर, रिक्षा यांच्या टायरवर कोरा कागद धरायचा आणि त्यावर पेन्सिल आडवी करून घासायची. नाण्याचा ठसा काढतो ना आपण, अगदी तसेच. यंदा सहावीच्या मुलांनी तीस-बत्तीस ठसे काढले. नागमोडी रेषा, चौकटी, बाणाची टोके, पानाच्या शिरांसारख्या तिरक्या खाचा, असे काय काय निघाले. एका मुलाचा कागद मात्र जवळजवळ कोरा. त्याला वाटले, आपलेच काहीतरी चुकले. बिचाऱ्याने तीनदा घासून पाहिले. तो कागद मुलांची ने-आण करणाऱ्या एका व्हॅनच्या मागच्या चाकाचा होता. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

त्याच तासाला एका मुलीने विचारले, की टायरवरची ही नक्षी शोभेसाठी असते की कामासाठी. मी कामासाठी असे सांगून मोकळी झाले. तिने लगेच दोन स्कूटरचे ठसे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही वेगळे. काम एकच आहे तर नक्षी दोन का, हा तिचा पुढचा प्रश्न. घंटा झाली म्हणून मी सुटले.

घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळले की तिचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातही आहे. अमेरिकेत १८४२ पासून वस्तूच्या नुसत्या रूपालाही पेटंट मिळते. तसे पहिले पेटंट जॉर्ज ब्रूस यांना मिळाले, आणि तेही छापखान्यातल्या अक्षरांच्या वळणासाठी! पुढे टायरच्या नक्षीलाही अशी पेटंटे मिळू लागली. एक अट मात्र आहे. ते रूप केवळ कामाच्या गरजेपोटी आलेले नसावे. आपल्याकडचा २००० सालचा डिझाइन कायदासुद्धा डोळ्यांना दिसते तेवढेच रूप नोंदवतो, वस्तू काम कसे करते याची नोंद तो घेत नाही. म्हणजे रस्त्यावरचे पाणी बाजूला सारायला खाच हवी हे सगळ्यांनाच लागू, पण ती खाच कशी वळवायची हे ज्याचे त्याचे. त्या मुलीचे दोन ठसे वेगळे का होते, त्याचे निम्मे उत्तर इथे आहे.

उरलेले निम्मे उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडले. अक्षरे आणि टायर या दोन गोष्टी त्याने चक्क एकत्र आणल्या. त्याचे नाव हार्वे फायरस्टोन. नाव ओळखीचे वाटेल. त्याच्या कंपनीचा मोठा टायर कारखाना आपल्या मुंबईत, शिवडीला होता. जुन्या मुंबईकरांना तो आठवत असेल.

हार्वे सॅम्युएल फायरस्टोन यांचा जन्म २० डिसेंबर १८६८ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबियाना गावाजवळच्या शेतावर झाला. १८२८ मध्ये बांधलेले वाडवडिलांचे विटांचे घर, भोवती शेती आणि जनावरे. तीन भावांत हार्वे मधला. गावातच शाळा झाली, मग क्लीव्हलंडला जाऊन तो हिशेबनिशी शिकला. कोळशाच्या कंपनीत कारकुनी केली. गावोगाव फिरून औषधे आणि खाण्यात घालायचे अर्क विकले. थोडक्यात, मुलगा शेतकऱ्याचा, पण हाताला वळण विक्रेत्याचे लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे टायरच्या नक्षीत तीच दिसणार आहे.

कोलंबस शहरात त्याच्या नातेवाइकांचा बग्ग्या बनवण्याचा कारखाना होता. तिथे तो चिकटला आणि डेट्रॉइटमधली विक्री सांभाळू लागला. त्या काळी बग्गीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी असायची. आपल्या बैलगाडीच्या चाकाला असते ती धावच म्हणा ना. धाव खडीवरून गेली की हाडे कशी खिळखिळी होतात, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. हार्वे लोखंडी पट्टीऐवजी रबराची पट्टी बसवलेली बग्गी घेऊन शहरात फिरू लागला. आवाज नाही, धक्के कमी. महाग होती, पण एकदा तीत बसलेल्या माणसाला पुन्हा लोखंडावर बसवेना. त्याच शहरात तेव्हा हेन्री फोर्ड नावाचा एक इंजिनिअर विजेच्या कंपनीत नोकरी करत होता आणि उरलेल्या वेळात घोड्याशिवाय चालणारी गाडी जुळवत होता.

१८९६ मध्ये फायरस्टोन शिकागोला गेले आणि रबरी टायरचा स्वतःचा धंदा सुरू केला. तो चांगल्या किमतीला विकून ते ॲक्रन या गावी आले. ॲक्रन म्हणजे रबराची पंढरीच. गुडरिच कंपनी तिथे १८७० पासून होती, गुडइयर १८९८ पासून. (चार्ल्स गुडइयर, ज्यांनी रबर आणि गंधक एकत्र तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, ते १८६० मध्येच वारले होते. कंपनीशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.) ३ ऑगस्ट १९०० रोजी फायरस्टोन टायर अँड रबर कंपनी स्थापन झाली. जवळ होते थोडे भांडवल आणि भरीव रबरी टायर रिमवर घट्ट बसवण्याच्या पद्धतीचे एक पेटंट. सुरुवातीला टायर दुसऱ्यांकडून करून घ्यायचे आणि आपण विकायचे. काही वर्षांनी एका जुन्या ओतकामाच्या कारखान्यात डझनभर कामगार घेऊन त्यांनी स्वतःचे उत्पादन सुरू केले.

मग मोटारी आल्या आणि हवा भरलेल्या टायरची मागणी वाढली. पण टायर रिममध्ये अडकवण्याची तेव्हाची रूढ पद्धत दुसऱ्यांच्या पेटंटखाली होती, आणि त्या मंडळींनी फायरस्टोन यांना परवाना दिला नाही. ज्या पेटंटवर त्यांची कंपनी उभी राहिली, तसल्याच पेटंटने आता त्यांची वाट अडवली. त्यांनी सरळ कडेचा वेगळा टायर बनवला आणि तो घेऊन फोर्डकडे गेले. फोर्ड स्वस्त मोटारीच्या मागे लागला होता. त्याने २,००० गाड्यांपुरते टायर मागवले. १९०६ च्या सुमाराची ही गोष्ट. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. पुढे फोर्डच्या नातवाने फायरस्टोन यांच्या नातीशी लग्न केले, म्हणजे नाते घरापर्यंत पोचले.

आता नक्षीकडे या.

सुरुवातीचे मोटारीचे टायर गुळगुळीत असत. आपल्याकडे गोटा झालेला टायर म्हणतात ना, तसा नवाकोराच. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर त्याने फारसे बिघडत नाही. शर्यतीच्या गाड्या आजही कोरड्या दिवशी गुळगुळीत टायर लावतात, कारण तेव्हा जितके जास्त रबर रस्त्याला टेकेल तितकी पकड चांगली. पण अमेरिकेतले तेव्हाचे रस्ते मातीचे होते. पाऊस पडला की चिखल, आणि शहरातल्या दगडी फरशीवर घोड्यांच्या लिदीचा निसरडा थर. गाडीचा वेग वाढला, ब्रेक दाबले की गाडी आडवी. लोकांनी नाना उपाय केले. कुणी टायरवर कातड्याचे वेष्टण घालून त्यात पोलादी खिळे ठोकले. कुणी चाकाला साखळ्या गुंडाळल्या, त्या साखळ्यांचे पेटंट १९०४ चे आहे. खिळे आणि साखळ्या पकड देत, पण खडखडाट फार, आणि रस्त्याचेही नुकसान.

१९०८ मध्ये फायरस्टोन कंपनीने एक टायर बाजारात आणला. त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर उठावदार अक्षरे होती. रोमन लिपीतली, जाडजूड, तिरक्या ओळीत, गोल फिरत जाणारी. मजकूर काय? फायरस्टोन नॉन स्किड. फायरस्टोन, न घसरणारा. कडेला छापलेले नाव नव्हे हे! ज्या भागावर गाडीचा सगळा भार येतो, तिथेच नाव, आणि तेच नाव रस्ता धरून ठेवणार.

मला ही कल्पना कळायला थोडा वेळ लागला. तुम्ही कागदावर इंग्रजी ‘एन’ काढून पाहा. दोन उभे खांब आणि मध्ये एक तिरकी काडी. ‘के’ला दोन तिरके पाय, ‘ओ’ला गोल कडा. प्रत्येक अक्षराच्या कडा वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. गाडी पुढे घसरू लागली तर आडव्या कडा मातीत रुततात, बाजूला घसरू लागली तर उभ्या कडा. अक्षरांच्या मधल्या जागेत चिखल आणि पाणी शिरायला वाव मिळतो. ओळ तिरकी ठेवली की कडांच्या दिशा आणखी बदलतात. म्हणजे जाहिरातही तीच आणि पकडही तीच. सहावीतल्या मुलीला हे उत्तर द्यायला हवे होते. शोभा की काम, यातले एक निवडायला फायरस्टोन यांनी नकार दिला.

टायर साच्यात शिजतो. कच्च्या रबराचा टायर लोखंडी साच्यात घालून तापवतात. साच्यात जिथे खाच, तिथे टायरवर उंचवटा. मग साच्यातली अक्षरे कशी असणार? उलटी, आरशात दिसतात तशी. टायरवर ती सुलटी होतात. आणि तोच टायर ओल्या मातीवरून गेला की? पुन्हा उलटी! कार्यालयातल्या रबरी शिक्क्याचे याच्या बरोबर विरुद्ध आहे. शिक्क्यावर अक्षरे उलटी कोरतात म्हणून कागदावर ती सुलटी उमटतात. फायरस्टोन यांच्या टायरवर नाव सुलटे वाचता यायचे, त्यामुळे मातीत पडणारा ठसा उलटा. त्यातही ‘आय’, ‘टी’, ‘ओ’ ही रोमन अक्षरे आरशातही तशीच राहतात, ‘एन’ आणि ‘एस’ मात्र फसतात. गणितातल्या सममितीचा धडा शिकवताना हे करून पाहा. खोडरबरावर नाव कोरायला दिले की मुले पहिल्या फटक्यात चुकतात, आणि मग कधीच विसरत नाहीत.

प्रामाणिकपणे सांगायचे तर न घसरणारा हा दावा विक्रेत्याचा होता. कधीच घसरत नाही असा टायर नसतो. आजचा अभियंता अक्षरांनी टायर मढवणार नाही. पाण्याला बाहेर जायला सलग वाट लागते, आणि अक्षरांच्या मधल्या जागा तुटक असतात. त्याच सुमारास गावातल्या गुडइयर कंपनीने शंकरपाळ्यासारख्या चौकटींची नक्षी आणली. स्पर्धा नुसती रबराची राहिली नाही, ठशाचीही झाली. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत रे हॅरून यांनी जिंकली ती फायरस्टोन टायरवर, आणि कंपनीचे नाव घरोघरी पोचले.

पैसा आला, मोठी माणसे जोडली गेली. फोर्ड, एडिसन, निसर्गलेखक जॉन बरोज आणि फायरस्टोन असे चौघे उन्हाळ्यात मोटारी घेऊन रानात तंबू ठोकायला जात. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या मुक्कामाला येऊन गेले. त्यांच्या शेकोटीच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्यात मी वेळ घालवत नाही. कारण या आयुष्यातला अवघड भाग पुढे आहे आणि मुलांच्या पुस्तकांत तो बहुधा गाळलेला असतो.

तेव्हा टायरचे रबर यायचे मुख्यतः मलाया आणि सिलोनच्या ब्रिटिश मळ्यांतून. १९२२ मध्ये ब्रिटिशांनी भाव टिकवण्यासाठी निर्यातीवर बंधने घातली. १९२५ मध्ये रबर पौंडाला एक डॉलरच्या वर गेले. फायरस्टोन यांनी स्वतःचे मळे करायचे ठरवले आणि पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया देश निवडला. १९२६ चा करार असा होता : १० लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, वर्षाला एकरी ६ सेंट. सोबत त्या देशाला कर्जही. मळ्याच्या मुख्य वस्तीचे नाव हार्बेल. हार्वे आणि पत्नी आयडाबेल, दोघांची नावे जोडून केलेले. टायरवर नाव, गावालाही नाव!

पण त्या जमिनीवर आधीपासून माणसे राहत होती, आणि जंगल तोडायला, झाडांना चिरा द्यायला, चीक गोळा करायला हजारो हात लागत होते. लायबेरियात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने १९३० मध्ये अहवाल दिला. सरकारी अधिकारी लोकांना जबरदस्तीने कामाला जुंपतात हे त्यात स्पष्ट झाले आणि राष्ट्राध्यक्ष किंग यांना पद सोडावे लागले. फायरस्टोन कंपनीने जाणूनबुजून वेठबिगार वापरली असे आयोगाने म्हटले नाही. तरी मजूर गावच्या मुखियांमार्फत मागवले जात, आणि मुखियाने पाठवलेला माणूस आपल्या मनाने आला असेल का? मला हा प्रश्न आयोगाच्या निष्कर्षाने सुटल्यासारखा वाटत नाही. कंपनीने तिथे रस्ते आणि दवाखाने बांधले हे खरे. जमिनीचा भाव एकरी ६ सेंट होता हेही तितकेच खरे.

घरच्या कारखान्यातही सगळे गोड नव्हते. १९१३ चा ॲक्रनच्या रबर कामगारांचा संप फायरस्टोनच्या कारखान्यातूनच सुरू झाला. जानेवारी १९३६ मध्ये तिथल्या टायर जोडणाऱ्या कामगारांनी यंत्रे बंद केली आणि बाहेर न जाता तिथेच बसून राहिले. बैठ्या संपाची ही रीत पुढे अमेरिकेत सगळीकडे पसरली.

शेवटच्या वर्षांत फायरस्टोन पुन्हा शेतात आले, आणि मला त्यांचे हे काम सगळ्यात जवळचे वाटते. १९३० च्या सुमारास ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत, त्यांना मोठाले दात. भातखाचरात चिखलणीला केजव्हील लावतात, ती डोळ्यांसमोर आणा. शेतात ठीक, पण रस्त्यावर आणायची सोय नाही, आणि चालवणाऱ्याच्या पाठीचा भुगा. फायरस्टोन यांनी कोलंबियानाच्या आपल्या घरच्या शेतावर ट्रॅक्टरला हवेचे टायर लावून प्रयोग करवून घेतले. लोक हसले. मऊ मातीत रबर फिरत राहील, ट्रॅक्टर जागचा हलणार नाही, असे सगळ्यांना वाटत होते. १९३२ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरवर हे टायर आले आणि दोन-चार वर्षांतच चित्र पालटले.

त्या टायरची नक्षी आजही तुम्ही रोज पाहता. जाड, तिरके दांडे, दोन्ही बाजूंनी मधोमध येऊन बाणासारखे टोक करणारे. इथे अक्षरे नाहीत. चाक फिरताना बाणाचे टोक आधी जमिनीला टेकते, मग दांड्यांचा बाहेरचा भाग. त्यामुळे चिखल मधून कडेला ढकलला जातो आणि टायर स्वतःला साफ करत पुढे जातो. टायर उलटा बसवला तर हाच चिखल मध्ये कोंडतो. म्हणूनच टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. चाळीस वर्षांचा असताना ज्याने चाकावर आपले नाव लावले, त्याला साठीनंतर नावाची गरज उरली नव्हती असे म्हणायचा मोह होतो. पण तसे नाही, नाव कडेवर होतेच!

७ फेब्रुवारी १९३८ रोजी फ्लोरिडातल्या मायामी बीच इथल्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांना कोलंबियानालाच पुरले. ते १८२८ चे घर पुढे विटा सुट्या करून हलवले गेले आणि मिशिगनमध्ये फोर्डने उभारलेल्या संग्रहालयाच्या आवारात पुन्हा रचले गेले. तिथे आजही जुन्या पद्धतीने शेती करून दाखवतात.

आता व्हॅनचा कोरा कागद. अक्षरांच्या टायरला एक सोय आपोआप मिळालेली होती. नाव पुसट झाले की पकडही गेली, हे वाचता येणाऱ्या कुणालाही कळायचे. आजच्या टायरमध्ये तेच काम खाचेच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे करतात. टायरच्या कडेवर इंग्रजीत टीडब्ल्यूआय अशी खूण किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत पाहायचे. मोटारीच्या नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून १.६ मिलिमीटरवर आली की उंचवटा आणि पृष्ठभाग एका पातळीत येतात. त्यानंतर पावसात वेग घेतला तर पाण्याला जायला जागा राहत नाही, टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी.

मी तो कागद पालकसभेत नेला. काही बोलले नाही, शेजारी एका नव्या टायरचा ठसा लावला आणि दोन्ही भिंतीवर टाचणीने टोचले. व्हॅनवाल्याने आधी अजून दोन महिने चालतील असे सांगितले. मग एका आजोबांनी उठून, बाहेर पाऊस चालू असतानाच, त्याला हाताला धरून व्हॅनपाशी नेले आणि टायरवरून बोट फिरवायला लावले. पुढच्या सोमवारी मागचे दोन्ही टायर नवे होते. त्या मुलाने न सांगताच नवा कागद आणला आणि पुन्हा पेन्सिल घासली. या वेळी ठसा इतका ठसठशीत आला की त्याने कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचे नावही लिहिले, उलट्या अक्षरांत.